हाडातून डीएनए काढायचा तर

हाड तपासायला पाठवलं आणि ‘डीएनए मिळून आला नाही’ असा सी.ए. (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट हातात पडला, की खापर प्रयोगशाळेवर फुटतं. प्रयोगशाळेत चुका होत नाहीत असं नाही, पण बहुतेक वेळा निकाल त्याआधीच लागलेला असतो. कोणतं हाड उचललं, कशात गुंडाळलं, ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत किती दिवस पडून राहिलं, आणि टेबलावर आल्यावर त्याचा वरचा थर किती निगुतीनं काढला, यावर निम्मी लढाई ठरते. म्हणून या लेखात रसायनांइतकीच जागा त्याआधीच्या कामांना दिली आहे. न्यायवैद्यक शाखेचे विद्यार्थी आणि तपास अधिकारी डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. खाली दिलेली प्रमाणं जगभर वापरात असलेल्या पद्धतींतली आहेत. तुमच्या प्रयोगशाळेची प्रमाणित कार्यपद्धती वेगळी असेल तर तीच पाळायची.

हाडात डीएनए असतो कुठे

वजनानं पाहिलं तर हाडाचा सुमारे ६५ ते ७० टक्के भाग खनिज असतो. हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं संयुग, हायड्रॉक्सीॲपेटाइट. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि थोडं पाणी. या खनिजाच्या भिंतीत बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हाडाच्या पेशी चिणल्यासारख्या बसलेल्या असतात. माणूस गेल्यावर पेशी फुटतात, पण त्यातला डीएनए लगेच वाहून जात नाही. त्याच्यावर ऋण भार असतो, म्हणून तो खनिजातल्या कॅल्शियमला चिकटून बसतो. मांस, त्वचा, रक्त सडून गेल्यावरही हाडात काही शिल्लक राहतं ते यामुळेच.

खनिज डीएनएला पाण्यापासून आणि जिवाणूंच्या विकरांपासून वाचवतं, आणि तेच खनिज डीएनए बाहेर येऊ देत नाही. पुढची सगळी कृती या एका अडचणीभोवती फिरते.

जमिनीचाही मोठा हात असतो. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात चार महिने मुसळधार पाऊस. तिथे खनिजच हळूहळू विरघळतं आणि डीएनए उघडा पडतो. देशावरच्या काळ्या मातीचा पीएच सातच्या वर असतो, त्यामुळे हाड टिकायला ती बरी. मात्र ती पाणी धरून ठेवते. उष्णता आणि ओल एकत्र आली की डीएनएचे तुकडे पडण्याचा वेग वाढतो. सायबेरियातल्या गोठलेल्या जमिनीतून हजारो वर्षांपूर्वीचा डीएनए निघतो आणि आपल्याकडे काही वर्षांपूर्वीच्या हाडातून निघताना मारामार होते, याचं कारण हेच.

जागेवरून पाकिटापर्यंत

गाडलेलं प्रेत उकरायचं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. तज्ज्ञ येणार असेल तर हाडं घाईनं गोळा करू नका. प्रत्येक हाड कुठे, कसं पडलं होतं याचा फोटो आधी, हात नंतर.

हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळायचं. प्रत्येक हाडाला वेगळा क्रमांक आणि वेगळं कागदी पाकीट. दोन हाडं एकाच माणसाची दिसतात म्हणून एका पिशवीत टाकली, तर ती एकाच माणसाची आहेत हे नंतर कोर्टात सांगता येत नाही. ओली हाडं सावलीत, वाऱ्यावर सुकवायची, उन्हात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. आजूबाजूची माती चाळून घ्या, सुटे दात त्यातच सापडतात.

आणि फॉर्मलिन नको. हे मी ठळक शाईत लिहिलं असतं. फॉर्मलिन डीएनएला प्रथिनांशी जखडून टाकतं आणि त्याचे तुकडेही करतं. कोरियन युद्धातल्या शेकडो अनोळखी अमेरिकी सैनिकांचे अवशेष हवाईतल्या ‘पंचबोल’ दफनभूमीत पुरण्याआधी फॉर्मल्डिहाइड असलेल्या भुकटीनं प्रक्रिया केले होते. पुढे कित्येक वर्षं नेहमीच्या पद्धतींनी त्यांच्यातून काही हाती लागत नव्हतं. अमेरिकी सैन्याच्या डोव्हर येथील डीएनए प्रयोगशाळेला २०१६ पासून नव्या पिढीच्या सीक्वेन्सिंगची खास पद्धत वापरून ते प्रकरण सोडवायला घ्यावं लागलं. तुमच्या जिल्ह्यात ती सोय नसणार. सुकं हाड कागदात आणि शक्य असेल तर उणे २० अंशांवर, एवढं पुरे.

डीएनएसाठी हाड कापण्याआधी ते न्यायवैद्यक किंवा शरीररचनाशास्त्र विभागाच्या नजरेखालून गेलेलं असावं. माणसाचं की जनावराचं, वय, लिंग, उंची, जखमेच्या खुणा, एक्स-रे, फोटो, मापं हे सगळं आधी. कापलेलं हाड पुन्हा जोडता येत नाही.

कोणतं हाड, कोणता भाग

परंपरेनं पहिली पसंती मांडीच्या हाडाच्या मधल्या दांड्याला. तो जाड, घट्ट, बाहेरच्या गोष्टी आत शिरायला कठीण. त्यातून खिडकीसारखा चौकोनी तुकडा कापतात, म्हणजे हाडाची लांबी मोजण्यासाठी शाबूत राहते. त्यानंतर नडगीचं हाड.

दात असतील तर दाढ निवडा. कीड नसलेली, न भरलेली, जबड्यात घट्ट बसलेली. वरचं कवच आतल्याला जपतं. जुन्या दातात गाभा सुकून गेलेला असतो, पण मुळावरच्या सिमेंटम थरात डीएनए टिकतो. म्हणून मूळ कापून घ्यायचं आणि वरचा भाग दंतवैद्याच्या तपासणीसाठी ठेवायचा. पंजाबातल्या अजनाला इथल्या विहिरीतून २०१४ मध्ये मोठ्या संख्येनं मानवी सांगाडे निघाले. ते १८५७ मध्ये मारलेल्या शिपायांचे असावेत असं मानलं जात होतं. त्यांच्या दातांतल्या मायटोकॉन्ड्रियल (फक्त आईकडून येणाऱ्या) डीएनएचा आणि समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा, अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली असल्याचं दिसलं. दीडशेहून अधिक वर्षं विहिरीत काढल्यावरही दातांनी एवढं सांगितलं. अर्थात ती प्रदेशाची ओळख झाली, व्यक्तीची नव्हे.

कानाच्या आतल्या भागाला वेढणारं पेट्रस हाड शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी एक. प्राचीन डीएनएवाले त्यावर जीव टाकतात. पण ते काढताना कवटीला धक्का लागतो, त्यामुळे कवटीवर जखम असेल तर दोनदा विचार करा.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे अजून पुरेशी रुजलेली नाही. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावरच्या २००१ च्या हल्ल्यातल्या मृतांच्या अवशेषांवर काम करताना असं दिसलं, की पायाच्या पंजाची लहान हाडं आणि गुडघ्याची वाटी यांनी मांडीच्या हाडाच्या तोडीस तोड निकाल दिले. लहान हाडांत जाळीदार भाग जास्त, आणि त्यात अडकलेले मऊ ऊतींचे अंश बराच काळ तग धरतात. शिवाय बूट घातलेला असेल तर पाऊल झाकलेलं राहतं. ही हाडं करवतीशिवाय, साध्या ब्लेडनं कापता येतात, म्हणजे धूळ आणि उष्णता दोन्ही टळतात. मृत्यूला फार काळ लोटलेला नसेल, तर मी आधी पायाकडे बघेन. मात्र जुन्या, झिजलेल्या सांगाड्यात जाळीदार हाडात माती आणि जिवाणू भरलेले असतात. तिथे मांडीचं घट्ट हाड किंवा दाढच बरी.

जळालेल्या हाडाचा रंग वाचायला शिका. पिवळट-तपकिरी असेल तर आशा आहे. काळं असेल तर प्रयत्न करून बघावा. निळसर-राखाडी आणि पांढरं, खडूसारखं झालेलं हाड म्हणजे सेंद्रिय भाग जळून गेला. चितेतून वेचलेल्या अस्थींतून ओळख पटेल का, असं नातेवाईक हमखास विचारतात. कलशातल्या पांढऱ्या अस्थींतून पटत नाही, असं स्पष्ट सांगावं. आगीत सापडलेल्या माणसाचं तसं नसतं. जाड स्नायूंखालची हाडं आणि मागच्या दाढा पुष्कळदा वाचतात. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या विमान अपघातात २६० माणसं गेली. मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते, तरी बहुतेकांची ओळख डीएनएनंच पटली.

वरचा थर

हाडाच्या पृष्ठभागावर माती, बुरशी, जिवाणू आणि ते हाताळलेल्या प्रत्येकाचा डीएनए असतो. म्हणून बाहेरचा साधारण १ ते २ मिलिमीटर थर घासायच्या चाकानं काढायचा. हत्याराचा वेग कमी ठेवा. हाड तापून करपल्याचा वास यायला लागला, तर तुम्ही डीएनए जाळताय. चाक प्रत्येक हाडाला नवं. आतली मज्जेची पोकळीही खरवडून घ्या.

हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच. हाडाची धूळ फुफ्फुसात जाऊ देण्यासारखी गोष्ट नाही, आणि टेबलावर उडालेली धूळ पुढच्या केसमध्ये शिरते. मग तुकडा पातळ केलेल्या ब्लीचमधून थोडा वेळ, नंतर डीएनएमुक्त पाण्यातून दोन-तीनदा, शेवटी इथेनॉलमधून काढायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. भुसभुशीत हाडाला ब्लीच नको. ते छिद्रांतून आत जातं आणि हवं तेच नष्ट करतं. तिथे पाणी आणि इथेनॉल.

भेसळीबद्दल एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. जर्मनी आणि शेजारच्या देशांतल्या चाळीसेक गुन्ह्यांच्या जागी एकाच स्त्रीचा डीएनए मिळत होता. पोलीस कित्येक वर्षं तिच्या मागावर होते. २००९ मध्ये उलगडा झाला, की तो नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या तयार करणाऱ्या कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या. पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. म्हणून साहित्य घेताना डीएनएमुक्त असल्याची खात्री करायची, प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचं, भेट देणाऱ्या तंत्रज्ञाचंसुद्धा, प्रोफाइल नोंदवून ठेवायचं, आणि प्रत्येक बॅचबरोबर हाड नसलेली एक कोरी नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायची. कोऱ्या नळीत काही उठलं, तर ती बॅच रद्द. यात तडजोड नाही.

नातेवाईकांचे नमुने वेगळ्या खोलीत, शक्यतो वेगळ्या दिवशी. त्यांच्यात डीएनए हाडाच्या मानानं प्रचंड असतो. पीसीआर (डीएनएच्या लाखो प्रती काढण्याची अभिक्रिया) झालेली नळी तर हाडाच्या खोलीत कधीच आणायची नाही.

भुकटी

तुकडा लहान करून पोलादी दांडी असलेल्या नळीत भरतात आणि द्रव नायट्रोजनच्या गिरणीत घालतात. चुंबकाच्या जोरावर दांडी मागेपुढे आपटते आणि उणे १९६ अंशांवर ठिसूळ झालेलं हाड काही मिनिटांत मैद्यासारखं होतं. आधी दहाएक मिनिटं गार होऊ द्या, मग एक-दोन मिनिटं दळा, मध्ये पुन्हा गार करा. नळी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. नाहीतर हवेतली वाफ भुकटीवर जमते आणि तिचा लगदा होतो. खोलीत खेळती हवा हवी, तोंडावर ढाल हवी. गिरणी नसेल तर मणी आपटून हाड फोडणारी यंत्रं किंवा कमी वेगाचं ड्रिल चालतं. ड्रिलनं भुकटी थोडी कमी मिळते, पण हाडाची नासधूसही कमी होते.

भुकटी बारीक असायला हवी, कारण पुढचं रसायन पृष्ठभागावर काम करतं. जाड कणाचा गाभा सकाळपर्यंत न विरघळता तळाशी बसलेला दिसेल.

कॅल्शियमचा हिशेब

जुन्या पद्धतीत भुकटी ईडीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनात भिजवायची, द्रव ओतून टाकायचा, पुन्हा भिजवायची, असं काही दिवस चाले. त्या ओतून टाकलेल्या द्रवात डीएनएही जात असे. २००७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या त्याच डीएनए प्रयोगशाळेतून पूर्ण विखनिजीकरणाची पद्धत प्रसिद्ध झाली. तिचं तत्त्व साधं: काही ओतायचं नाही, सगळं विरघळवायचं.

१ ग्रॅम भुकटीला १५ मिलिलिटर द्रावण: ०.५ मोलर ईडीटीए, पीएच ८, त्यात १ टक्का लॉरिल सार्कोसिनेट हे साबणासारखं रसायन. त्यात २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं प्रोटिनेज के, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, २०० मायक्रोलिटर. ५६ अंशांवर, रात्रभर, सतत हलवत.

हे १५ मिलिलिटर कुठून आले, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मांडून बघावं. १ ग्रॅम हाडात साधारण ०.६५ ते ०.७ ग्रॅम खनिज. त्याचा सुमारे ४० टक्के भाग कॅल्शियम, म्हणजे ०.२६ ते ०.२८ ग्रॅम. कॅल्शियमचा अणुभार ४०, म्हणून ६.५ ते ७ मिलिमोल. ईडीटीएचा एक रेणू कॅल्शियमचा एक आयन पकडतो. १५ मिलिलिटर गुणिले ०.५ मोलर म्हणजे ७.५ मिलिमोल. हिशेब जेमतेम पुरतो. त्यामुळे ‘जरा जास्त डीएनए मिळेल’ म्हणून त्याच द्रावणात दोन ग्रॅम भुकटी टाकली, तर निम्मं खनिज तसंच राहतं आणि त्याला चिकटलेला डीएनएही. भुकटी वाढवायची तर द्रावण त्याच प्रमाणात वाढवा. खरं तर उलट करा: अर्धा ग्रॅम घ्या आणि उरलेली भुकटी दुसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवा.

ईडीटीए तयार करताना पावडर पाण्यात विरघळत नाही म्हणून नवशिके घाबरतात. सोडियम हायड्रॉक्साइड टाकत पीएच ८ च्या जवळ गेल्यावरच ती विरघळते. सकाळी नळीच्या तळाशी पांढरा गाळ असेल, तर ताजं ईडीटीए आणि थोडं प्रोटिनेज के घालून आणखी काही तास द्या. द्रव चहाच्या रंगाचा झाला असेल तर मातीतली ह्युमिक आम्लं आली आहेत. ती पीसीआर बंद पाडतात, त्यांची आठवण पुढे ठेवा.

शुद्धीकरण

ज्या ईडीटीएनं काम केलं, ते आता काढून टाकायचं आहे, कारण ते पीसीआरला लागणारं मॅग्नेशियमही पकडतं.

दोन मार्ग आहेत. फिनॉल-क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २५:२४:१ प्रमाणात. मग वरचा पाण्याचा थर ३० किलोडाल्टनच्या गाळणी-नळीतून फिरवून आटवायचा. डीएनए वर राहतो, ईडीटीए खाली जातं. पद्धत जुनी, भरवशाची; पण फिनॉल कातडी जाळतं आणि ह्युमिक आम्लं पुरती जात नाहीत. दुसरा मार्ग सिलिकाचा, स्तंभ किंवा चुंबकीय मण्यांच्या रूपात. ग्वानिडीनसारख्या क्षाराच्या उपस्थितीत डीएनए सिलिकाला चिकटतो, घाण धुऊन जाते, शेवटी ५० ते १०० मायक्रोलिटरमध्ये डीएनए सोडवून घ्यायचा. मातीतल्या हाडासाठी मी सिलिकाच निवडेन. द्रव अजून तपकिरी असेल तर पुन्हा एका स्तंभातून काढा.

ग्वानिडीनच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका. विषारी वायू तयार होतात. आपल्याकडे टेबल पुसायला ब्लीच सर्रास हाताशी असतं, म्हणून ही सूचना भिंतीवर चिकटवलेली बरी.

मोजणी

पुरलेल्या हाडातून निघालेला बहुतांश डीएनए जिवाणूंचा असतो. साधं फ्लोरोमीटर सगळाच मोजतं आणि खोटा आनंद देतं. मानवी डीएनए तेवढाच ओळखणारी क्यूपीसीआर (प्रती वाढताना मोजणारी पीसीआर) पद्धत लागते. प्रचलित किट एक लहान तुकडा आणि एक मोठा तुकडा असं दोन्ही मोजतात, शिवाय आत टाकलेला नियंत्रण तुकडा नीट वाढला का तेही दाखवतात. तो वाढला नाही, तर अडथळा आहे. नमुना पातळ करा किंवा पुन्हा शुद्ध करा.

समजा लहान तुकड्याची मात्रा ०.०८ आणि मोठ्याची ०.००४ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आली. भागाकार २०, म्हणजे डीएनएचे बारीक तुकडे झाले आहेत. २५ मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत १५ मायक्रोलिटर नमुना बसतो, म्हणजे लहान तुकड्यांच्या हिशेबानं १.२ नॅनोग्रॅम. लहान लोकस (डीएनएतल्या ओळखीसाठी वाचायच्या ठरावीक जागा) चांगले उठतील, मोठे गळतील. पुढची दिशा या दोन आकड्यांवरून ठरते. कॅपिलरीचं काम, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणं, त्यानंतर यंत्र करतं. आपण एवढंच पाहायचं, की कमकुवत नमुना किमान दोनदा स्वतंत्रपणे चालवावा आणि दोन्ही वेळा दिसलेलाच ॲलील (त्या जागेवरचं रूप; एक आईकडून, एक वडिलांकडून येतं) धरावा. एकच ॲलील दिसला म्हणून ‘आई-वडील दोघांकडून तोच’ असं मानायची घाई नको. दुसरा गळलेला असू शकतो.

जुळवायचं कोणाशी

आई-वडील दोघंही असतील तर उत्तम. नसतील तर मुलं, आणि सोबत त्या मुलांचा दुसरा पालक. एकटा भाऊ किंवा बहीण हा कच्चा आधार. दोन-तीन भावंडं मिळाली तर चित्र पालटतं.

एसटीआर, म्हणजे ओळखीसाठी वाचतात ते पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, उठलेच नाहीत तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए. एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून तो टिकतो. तो फक्त आईकडून येतो. मृताची आई, सख्खी भावंडं, मामा, मावशी, मावसभाऊ चालतील. मामेभाऊ नाही, त्याच्याकडे मामीचा वारसा असतो. आत्याही नाही. वाय गुणसूत्राची वाट उलटी: वडील, काका, चुलतभाऊ. १९९१ मध्ये येकातेरिनबर्गजवळ उकरलेल्या हाडांपैकी रशियाच्या शेवटच्या झारची पत्नी झारिना अलेक्झांड्रा आणि तिच्या मुलींची हाडं मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरूनच ओळखली गेली. ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांची आजी, म्हणजे आईची आई, झारिनाची बहीण; त्यांच्या रक्तातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला आणि १९९४ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पण हा डीएनए अख्ख्या मातृवंशाचा असतो, एकट्या माणसाचा नाही. इतर पुरावा हवाच.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत काही समाजांत आहे. नमुना घेताना घराण्याची वंशावळ नीट विचारून लिहून घ्या. आई-वडील एकमेकांचे नातेवाईक असतील तर संभाव्यतेचं गणित बदलतं, आणि ही माहिती फॉर्मवर नसेल तर गणित करणाऱ्याला ती कळायचा मार्ग नाही.

जुळलं म्हणजे किती जुळलं, हेही आधी ठरलेलं असावं. बोस्नियात काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोगानं ९९.९५ टक्के संभाव्यतेची रेषा आखली. १९९५ च्या स्रेब्रेनित्सा हत्याकांडातली प्रेतं बुलडोझरनं उकरून दुसरीकडे पुरली गेली होती. त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली, आणि एका ओळखीनंतरही काम संपत नसे. त्यातून एक प्रश्न उभा राहिला, जो आपल्याकडच्या मोठ्या अपघातांतही येतो: आणखी हाड सापडलं तर घरच्यांना पुन्हा कळवायचं का? हे नमुना घेतानाच विचारून, लेखी घेऊन ठेवायचं. काहींना प्रत्येक वेळी कळायला हवं असतं, काहींना एकदाच.